‘डिसइंटरेस्टेड’ : अर्थ, व्युत्पत्ती व प्रयोग

मॅथ्यू आर्नल्डच्या ‘एसेज इन क्रिटिसिझम’ (१८६५) या ग्रंथातील समीक्षेच्या कार्याविषयीचा निबंध वाचताना ‘डिसइंटरेस्टेडनेस’ या शब्दापाशी विद्यार्थी हमखास अडखळतो. समीक्षकाच्या अंगी हा गुण असावा, असे आर्नल्डचे म्हणणे. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ‘रस नसलेला’ हा आज बोलण्यात आढळणारा अर्थ धरून वाचणाऱ्यास मात्र, समीक्षकाने विषयाविषयी बेफिकीर असावे, असा अगदी विपरीत बोध होतो.

शब्दाचे मूळ पाहिले म्हणजे हा घोटाळा उलगडतो. लॅटिन ‘इंटरेसे’ या क्रियापदाचा अर्थ ‘मध्ये असणे’. त्यावरून ‘संबंध पोचणे’ असा अर्थ झाला. इंग्रजीत ‘इंटरेस्ट’ हा शब्द आला तो मालमत्तेतील हक्क वा हितसंबंध या कायद्याच्या अर्थाने. ‘कुतूहल, गोडी’ हा अर्थ पुढे अठराव्या शतकात रूढ झाला. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नाही असा. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही खाजगी लाभाने न चळणारा हाच अर्थ प्रमुख आहे.

तथापि ‘रस नसलेला’ हा अर्थ केवळ अलीकडच्या अज्ञानातून उपजला, असे म्हणता येत नाही. सतराव्या शतकात जॉन डनच्या लेखनात या शब्दाचा ‘बेपर्वा’ या अर्थी प्रयोग आढळतो. उलट ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द त्याच शतकात ‘निःपक्षपाती’ या अर्थी योजला जात असे. पुढे दोघांनी आपापल्या जागा बदलल्या.

आपल्या ‘उदासीन’ शब्दाची कथाही अशीच आहे. कौटिल्याच्या राजमंडलात ‘उदासीन’ म्हणजे कोणत्याही पक्षात न गुंतलेला राजा. गीतेत तो भक्ताचा गुण ठरतो. आजच्या मराठीत मात्र त्याचा अर्थ ‘अनास्था असलेला’ वा ‘खिन्न’ असा होतो. अलिप्ततेचे रूपांतर अनास्थेत व्हावे, हे दोन्ही भाषांत घडले आहे.

यास्तव भाषांतरात सावधगिरी हवी. न्यायाधीश वा लवाद यांच्या संदर्भात ‘निःपक्षपाती’ चालेल. आर्नल्डच्या संदर्भात ‘तटस्थ’ अपुरा पडतो. कारण त्याचा समीक्षक काठावर बसलेला नाही, तो विचारांत पूर्ण रमलेला असून केवळ पक्षीय व व्यावहारिक हेतूंपासून दूर आहे. तेथे ‘हितनिरपेक्ष’ अधिक योग्य. शब्दापुढे ‘इन’ हे अव्यय आले असेल, तर बहुधा ‘रस नसलेला’ हाच अर्थ अभिप्रेत असतो. एरवी लेखनाचा काळ व संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा. न पेक्षा लेखकाच्या आग्रहाच्या नेमके उलट विधान आपण त्याच्या तोंडी घालू.