जुन्या इन्व्हर्टरचा घुमारा व त्याची परीक्षा

भारनियमनास कंटाळून आपल्या जिल्ह्यातील ज्या घरांनी दहा-बारा वर्षांपूर्वी इन्व्हर्टर व बॅटरी घेतली, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी हल्ली एक तक्रार ऐकू येते. यंत्र दिवे लावते, पंखेही फिरविते. परंतु पूर्वी जे मुकाट्याने काम करीत असे ते आता रात्रंदिवस घुमत राहते. कोणी तिकडे दुर्लक्ष करितो. कोणी यंत्र उचलून तुमसरास अथवा भंडाऱ्यास दुरुस्तीस नेतो, आतील एखाददुसरा भाग बदलून आणितो, आणि घरी जोडताच घुमारा पूर्ववत सुरू होतो. आमच्या मते याचे कारण असे की, आवाज यंत्रातून येत असला तरी दोष पुष्कळदा यंत्रात नसतो. तो त्यास जोडलेल्या बॅटरीत, किंवा त्यास मिळणाऱ्या विजेत असतो.

हे ध्यानी येण्यास यंत्राचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. खांबावरून घरात येणारी वीज उलटसुलट वाहणारी असून ती सेकंदास ५० आवर्तने करिते. बॅटरी मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज घेते व देते. या दोहोंमधील दुभाषाचे काम इन्व्हर्टर करितो, आणि जुन्या घडणीच्या यंत्रात ते एका जड रोहित्राच्या साह्याने होते. यंत्र उचलताना हातास जो भार लागतो तो बहुतेक या रोहित्राचाच. त्याच्या गाभ्यात लोखंडी पत्रे एकावर एक रचलेले असतात. लोखंडात चुंबकत्व आले म्हणजे त्याची लांबी अत्यंत सूक्ष्म प्रमाणात बदलते, हे इंग्लंडातील जेम्स जूल यांनी १८४२ साली दाखवून दिले. एका आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिगेस पोचते. म्हणून पत्रे सेकंदास १०० वेळा थरथरतात व तो थरकाप आपणांस घुमारा म्हणून ऐकू येतो. गावच्या डी. पी.जवळून जाताना जी गुणगुण कानी येते ती याच जातीची. तेव्हा थोडा घुमारा हा रोग नव्हे. तो वाढला, त्याची जात बदलली, किंवा थांबावयाच्या वेळी तो थांबला नाही, तर मात्र विचार करावा.

प्रथम एवढेच पाहावे की, आवाज वीज असताना येतो, गेल्यावर येतो, की दोन्ही वेळी. याला पैसा लागत नाही, आणि निम्मी परीक्षा येथेच होते.

वीज असताना यंत्र बॅटरी भरीत असते. रोहित्रावर भार जितका अधिक तितका घुमारा मोठा, हा सर्वसाधारण नियम. १५० अँपिअर-तासांची बॅटरी पुरती रिकामी झाली व यंत्र १५ अँपिअरने भरीत असले, तर दहा-बारा तासांत ती भरते, प्रवाह उतरत जातो आणि घुमारा मंदावतो. निरोगी जोडीचे हे लक्षण होय. परंतु दिवसभर वीज असूनही दुसऱ्या सकाळी घुमारा तितकाच जाड असेल, तर बॅटरी भरतच नाही असे समजावे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. त्यांतील एखाद्या घराच्या पट्ट्या तळाशी साचलेल्या गाळाने एकमेकींस भिडल्या की ते घर मृत होते. यंत्रास हे कळत नाही. ते उरलेल्या पाच घरांवर सहांचा भार लादीत राहते. पाणी उकळल्यासारखे बुडबुडते, बॅटरी हातास ऊन लागते, कधी सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. अशी बॅटरी यंत्रामार्फत २०० वॅट खात राहिली असे धरले, तरी दिवसास ४.८ युनिट म्हणजे महिन्यास १४४ युनिट केवळ वाफ करण्यात जातात. वीजबिल का वाढले याचा शोध पुष्कळ जण पंपाच्या खोलीत घेतात. तो एकदा माजघरातही घ्यावा.

याची खात्री करण्यास बॅटरीवाल्याकडे मिळणारा हायड्रोमीटर पुरे. भरल्या बॅटरीच्या प्रत्येक घरातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः १.२३० ते १.२५० भरते. सहापैकी पाच घरे सारखी आणि एक ०.०५० किंवा त्याहून खाली आढळले, तर रोगी सापडला. नुकतेच पाणी घातले असल्यास हे मोजमाप खोटे पडते, हे विसरू नये. हायड्रोमीटर नसल्यास शेजाऱ्याची तितक्याच व्होल्टची चांगली बॅटरी जोडून पाहावी. घुमारा काही तासांनी उतरला, तर यंत्रास दुकानात नेण्याचे कारण नाही. चांगल्या बॅटरीवरही चालू करताक्षणी कर्कश घरघर सुरू झाली, तर आतील भाग जळाला असण्याचा संभव मोठा, आणि तेथे कारागीरच पाहिजे.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, व हवेत तो शेकडा ४ झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घुमणाऱ्या, तापलेल्या बॅटरीतून तो अधिकच निघतो. आपल्याकडे जागेच्या अडचणीमुळे बॅटरी खाटेखाली, देवघराच्या समईजवळ, किंवा तणस व रिकामी पोती रचलेल्या कोठीत ठेवलेली आढळते. यांतील एकही जागा योग्य नव्हे. पाण्याची पातळी पाहण्यास काडी पेटविणाऱ्यास काय म्हणावे!

बॅटरीच्या टोकांवर पांढरे-हिरवे भुकटे साचले व तेथून चरचर ऐकू येत असली, तर जोड ढिला आहे. आधी यंत्राची वीज बंद करून मग यंत्र बंद करावे, नंतर ऋण टोकाची तार प्रथम सोडावी व परत जोडताना ती शेवटी जोडावी. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. घरांची झाकणे पक्की लावून खाण्याच्या सोड्याच्या ऊन पाण्याने टोके धुवावी, कोरडी करावी, जोड आवळून वरून व्हॅसलीन लावावे. घरांत भरावयाचे ते केवळ शुद्ध केलेले बॅटरीचे पाणी. विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी त्यातील क्षार पट्ट्यांस मारक होतात. वैशाखाच्या उन्हात पाणी लवकर उडते, म्हणून त्या दिवसांत पातळी अधिक वेळा पाहावी.

कटकट-कटकट असा तुटक आवाज मात्र निराळ्या कुळीचा. उन्हाळी धानाच्या दिवसांत गावचे सर्व पंप एकदम सुरू झाले की घरातील दाब २३० व्होल्टवरून पुष्कळ खाली येतो. यंत्राची पुष्कळशी घडण अशी असते की, दाब १८० च्या आसपास उतरताच ते खांबाची वीज सोडून बॅटरीवर जाते. दाब किंचित चढला की परत येते. ही येजा करणाऱ्या रिलेचा तो आवाज. यंत्राच्या मागे विस्तृत दाबाची कळ असल्यास ती तिकडे वळवावी. संगणक नसलेल्या घरास ती चालते. रोज संध्याकाळी हेच होत असेल, तर व्होल्टमापकावरील आकडे चार दिवस वेळेसह लिहून महावितरणच्या कार्यालयात द्यावे. तोंडी तक्रारीपेक्षा आकड्यांस अधिक मान मिळतो.

मळणीनंतर येणारी खरखर बहुधा आतील लहान पंख्याची असते. धानाची धूळ व कूस त्यात जाऊन बसते. यंत्र फळीवर असेल तर फळीच कंप पावते काय हेही पाहावे. खाली रबराचा जाड तुकडा सरकविल्याने घुमारा निम्मा झाल्याची उदाहरणे आहेत.

वीज गेल्यावर यंत्र शांत पण छताचा पंखा घूं घूं करितो, यात बहुधा दोष नसतो. जुनी यंत्रे विजेची लाट गोलाईदार न बनविता चौकोनी बनवितात व पंख्यास ती मानवत नाही. रेग्युलेटर शेवटच्या अंकावर ठेवल्यास आवाज पुष्कळ कमी होतो. शुद्ध लाटेचे यंत्र घेतल्यावर तो जातो, पण केवळ तेवढ्यासाठी चालते यंत्र टाकावे असे आम्हांस वाटत नाही.

यंत्राचे झाकण घरी उघडू नये. वीज व बॅटरी दोन्ही सोडल्यावरही आतील कपॅसिटरांत काही काळ धक्का देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. कारागिराकडे नेताना आवाज केव्हा येतो, किती तासांनी उतरतो व प्रत्येक घराचे गुरुत्व किती, एवढे कागदावर लिहून न्यावे. बॅटरी मृत ठरल्यास ती भंगारवाल्यास देऊन आम्ल ओढ्यात ओतू देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, व नवी घेताना दुकानदार आतील शिशाच्या वजनानुसार जुनीचे मोल वजा करितात. ते वजन आपल्यासमोर करवून घ्यावे.