पुस्तक जानेफळचं, एजन्सी पुण्याची

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' हा पहिला संग्रह 1954 साली प्रसिद्ध झाला. त्याच नावाची त्यांची कविता मात्र त्याच्या सुमारे दोन दशकं आधीच महाराष्ट्रभर पोचली होती. गायक जी. एन. जोशी यांनी ती गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मेहकरात वकिली करणाऱ्या कवीचं नाव मुंबई-पुण्याच्या बैठकांत घेतलं जाऊ लागलं. पुस्तक हाती येण्याआधीच त्याला वाचक तयार होता.

मेहकर तालुक्यातल्याच जानेफळात आज कुणाचं पहिलं पुस्तक छापून आलं, तर थोड्या दिवसांत एक प्रश्न समोर येतोच: प्रसिद्धीसाठी एखादी पीआर, म्हणजे जनसंपर्काची, एजन्सी लावावी का? हा प्रश्न नीट सोडवायचा, तर एजन्सी नेमकं काय काम करते ते आधी समजून घ्यायला हवं.

जाहिरातीत आपण पैसे देऊन जागा घेतो आणि तिथे आपलंच म्हणणं छापून येतं. जनसंपर्कात दुसरं कुणीतरी आपल्या पुस्तकाबद्दल बोलावं, अशी व्यवस्था केली जाते. ते दुसरं कुणी म्हणजे पुरवणीचा संपादक, परीक्षण लिहिणारा, आकाशवाणीचा कार्यक्रम अधिकारी, यूट्यूबवर पुस्तकांविषयी बोलणारा एखादा वाचक. जोशींच्या आवाजाने 'शीळ'साठी जे आपोआप घडलं, ते एजन्सी ठरवून घडवू पाहते. तिच्याकडे असलेली खरी मालमत्ता म्हणजे ओळखी. कोणत्या दैनिकात पुस्तकांचं पान कोण पाहतं, त्याला कोणत्या वारी फोन करावा, कोणत्या विषयात त्याला रस आहे, हे तिला माहीत असतं. आपण पैसे मोजतो ते या माहितीचे आणि पाठपुराव्याचे.

काम साधारण असं चालतं. पुस्तक छापखान्यात असतानाच, म्हणजे प्रकाशनाच्या दोन-तीन महिने आधी, एजन्सी लेखकाला बसवून बोलतं करते. पुस्तक कशाबद्दल आहे, यापेक्षा आज त्याबद्दल कुणी का बोलावं, हे तिला शोधायचं असतं. त्यातून एका पानाची प्रेसनोट तयार होते, लेखकाचा परिचय आणि चांगला फोटो तयार होतो. मग पत्त्यांची यादी. त्या यादीप्रमाणे अभिप्रायासाठी प्रती जातात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक पुस्तकं याच टप्प्यावर हरवतात. वर्तमानपत्राच्या कार्यालयात दर आठवड्याला पुस्तकांचा ढीग येतो. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या वाट्याला 'साभार पोच' या सदरातली एक ओळ येते: नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. परीक्षण मिळतं ते थोड्यांना. प्रत पाठवली म्हणजे प्रसिद्धी झाली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. चांगली एजन्सी चाळीस प्रती आंधळेपणाने पाठवत नाही. ती बारा माणसं निवडते, प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिते आणि पंधरा दिवसांनी फोन करते. तुमच्याशी बोलताना एजन्सीने विचारलं, 'किती ठिकाणी पाठवू?' तर सावध व्हा. 'कुणाकुणाला पाठवू?' असं विचारणारी एजन्सी कामाची.

पैशांचा हिशेब कागदावर मांडून पाहा. समजा, पुस्तकाची किंमत 300 रुपये आहे. विक्रेत्याचं कमिशन 40 टक्के धरलं, तर उरतात 180. छपाई आणि पाठवणी मिळून 100 गेले, तर प्रतीमागे 80 रुपये हाती येतात. एजन्सीने 50,000 रुपये सांगितले, तर त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण या सेवेवर आहे. म्हणजे झाले 59,000. एवढा खर्च भरून निघायला 738 प्रती विकाव्या लागतील, आणि आवृत्ती तर पाचशेची. सगळी आवृत्ती संपली तरी खर्च निघत नाही. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण सही करण्याआधी हा गुणाकार-भागाकार करायलाच हवा. पहिल्या पुस्तकासाठी महिन्याच्या ठरावीक रकमेवर एजन्सी बांधून घेणं मला पटत नाही. एकच ठरावीक काम, त्याची एकच रक्कम आणि शेवटची तारीख, असा करार परवडतो.

करारात काय असावं? एजन्सी कोणती कामं करणार याची यादी, किती दिवसांत करणार, रक्कम किती टप्प्यांत द्यायची, आणि शेवटी छापून आलेल्या मजकुराची कात्रणं व ज्यांना प्रती पाठवल्या त्यांची यादी लेखकाच्या हवाली करायची ही अट. ही शेवटची अट बहुतेक लेखक घालत नाहीत. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तीच यादी सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

'अमुक दैनिकात परीक्षण आणूनच देतो' अशी हमी कुणी देत असेल, तर ते परीक्षण नसून पैसे भरून घेतलेली जागा असण्याची शक्यता मोठी. तशी जागा घ्यायला हरकत नाही, पण ती जाहिरात आहे हे वाचकाला दिसलं पाहिजे. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तसं स्पष्ट लिहावं, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने 2021 मध्ये केले आहेत. वाचकाला फसवून मिळवलेली स्तुती पुस्तकाला दूरवर नेत नाही, असं मी मनापासून मानतो.

आता जानेफळचा विचार. इथल्या लेखकाचा वाचक कुठे आहे? मोठा भाग मेहकर, चिखली, खामगाव, बुलडाणा, वाशीम, अकोला या पट्ट्यात आहे. तो वाचनालयात जातो, शाळा-कॉलेजात शिकवतो, 'देशोन्नती' किंवा 'लोकमत'ची अकोला आवृत्ती वाचतो. पुण्याच्या एजन्सीच्या यादीत ही नावं सहसा नसतात. आकाशवाणीचं अकोला केंद्र, तालुक्याचे वार्ताहर, जिल्हा ग्रंथोत्सव, विदर्भ साहित्य संघाच्या शाखा, यांच्याकडची कामं लेखकाने स्वतः केली तर जास्त चांगली होतात, कारण इथे त्याला गावाच्या नावाने ओळखतात.

तारीखही त्यालाच जास्त कळते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत जानेफळात प्रकाशन ठेवलं, तर खुर्च्या रिकाम्या राहणार. दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या दिवाळी अंकांनी भरलेल्या असतात. हंगाम आटोपल्यावरचा हिवाळा दोन्हीकडून सोयीचा.

वाचनालयांचा रस्ता तर एजन्सीच्या नजरेत फारसा नसतोच. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं अनुदानावर चालतात. या अनुदानातला ठरावीक भाग पुस्तक खरेदीसाठी असतो. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे आणि राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे पुस्तक वेळेत पाठवणं, या कामाची कुणीही बातमी करत नाही, पण पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं ते यामुळे.

पुस्तक हळूहळू कसं पोचत जातं, याचं याच बुलडाणा जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे दामोदर खडसे यांनी ती हिंदीत नेली आणि त्या अनुवादालाही अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. दुष्काळी कोरडवाहू शेतीची ही गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे, एका भाषेतून दुसरीत गेली. 1974 साली उभ्या राहिलेल्या 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने गावोगाव पुस्तकं नेली, तेव्हाही मुळाशी हीच कल्पना होती: वाचक दुकानात येण्याची वाट न पाहता पुस्तक वाचकापर्यंत न्यायचं.

मग एजन्सी कशासाठी लावावी? जिथे आपली ओळख नाही आणि आपला फोन कुणी उचलत नाही, तेवढ्याच जागेसाठी. मुंबई-पुण्याच्या दैनिकांच्या रविवार पुरवण्या, मोठ्या शहरातली एखादी मुलाखत, पुस्तकांवर बोलणारी चार-पाच चांगली यूट्यूब चॅनलं, एवढं काम ठरवून द्यावं. बोलणी करायला जाण्याआधी एजन्सीने याआधी केलेल्या मराठी पुस्तकांची नावं मागा आणि त्यांतल्या दोन लेखकांना स्वतः फोन करा. आणखी एक विचारा: तुमच्या कचेरीतलं कुणी हे पुस्तक पूर्ण वाचणार आहे का? उत्तर नाही असेल, तर तिथून निघा. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल संपादकाशी कुणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू शकत नाही.