कुकरची रिंग मिळते तोवर

घरातल्या वस्तूचं वय काढायला पावती शोधावी लागत नाही. मराठी घरात ती सोय भांड्यांवरच करून ठेवलेली असते. ‘चि. सौ. कां. अमुक हिस लग्नाप्रीत्यर्थ मावशीकडून’ आणि खाली तारीख. आमच्या सांगलीच्या घराची मांडणी मी गेल्या उन्हाळ्यात या नजरेने वाचत बसले. आजीच्या काळातली पातेली, परात, घंगाळ सगळं पितळी, हंडा तांब्याचा, आणि अक्षरं छिन्नीने टिंबाटिंबांनी ठोकलेली. आईचं लग्न १९६८चं. तिच्या आहेरात पितळ आहेच, पण स्टीलची ताटं-वाट्या मधे शिरलेल्या दिसतात. १९८०च्या पुढे सगळं स्टील. नावंही विजेच्या यंत्राने सरसर ओढलेली, ‘प्रीत्यर्थ’मधला रफार बऱ्याचदा खाऊन टाकलेली.

यातलं रोज हाताशी काय लागतं, हे पाहायला गेलं की गंमत सुरू होते. सगळ्यात मजबूत वस्तू सगळ्यात जास्त टिकल्या, असं मुळीच नाही. आजीची पितळी पातेली अजून तीन पिढ्या चालतील इतकी जाड आहेत, तरी ती माळ्यावर आहेत. आणि आईच्या शिवणयंत्राचा नाजूक दोऱ्याचा खेळ अजून चालू आहे.

पातेल्यांचं काय झालं ते आधी सांगते. पितळेला किंवा तांब्याला आंबट लागलं की पदार्थ कळकतो. ताक, कढी, चिंचेची आमटी त्यात ठेवायची तर आतून कल्हई हवी. कल्हईवाला अंगणात छोटी भट्टी लावायचा, भाता हलवायचा. भांडं पुरेसं तापलं की आत नवसागराची पूड टाकायचा. भसकन पांढरा धूर उठायचा आणि नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ते लगेच पाण्यासारखं पळू लागे, आणि तो कापसाच्या बोळ्याने ते आतून एकसारखं फिरवी. लगोलग भांडं पाण्यात. काळंमिट्ट आत गेलेलं पातेलं आरशासारखं बाहेर यायचं. आम्ही पोरं हे बघायला शाळेला उशीर करायचो.

ही कल्हई वापरात विरते, दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. स्टील आलं आणि ही कटकटच गेली. कटकट गेली तसं कल्हईवाल्याचं पोटही गेलं. तो यायचा बंद झाला आणि उरलेली पितळीही बाद झाली. पितळ झिजलं नव्हतं, त्याच्यामागे उभा असलेला माणूस नाहीसा झाला होता. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून तांब्यावर ठोके पडतात. पण गिऱ्हाईक बदललं आहे. आता तिथलं काम हॉटेलांत आणि दिवाणखान्यांत जाऊन बसतं.

शिवणयंत्राचं नशीब उलटं. सिंगरची यंत्रं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच आली होती. १९३०च्या दशकात कलकत्त्याला जय इंजिनीअरिंगने उषाचं देशी यंत्र काढलं, आणि पुढे घराघरांत काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाने चालणारं यंत्र दिसू लागलं. आईचं यंत्र याच घराण्यातलं. या काळ्या यंत्रांची खुबी अशी की ती बहुतेक एकाच नमुन्यावर बेतलेली आहेत. त्यामुळे सुई, बॉबिन, बॉबिन केस, शटल हे एका कंपनीचं दुसरीला बहुधा चालतं. लुधियानात या सुट्या भागांचे कारखानेच्या कारखाने उभे राहिले. तिथे तयार झालेली बॉबिन केस आमच्या पेठेतल्या टिकल्या-बांगड्यांच्या दुकानातही मिळते. चामडी पट्टा सैल झाला की बोटभर कापायचा, टोकाला भोक पाडायचं, तारेचा आकडा अडकवून पक्कडीने दाबायचा. याला मेकॅनिक लागत नाही. खरोखरच अडलं तर बसस्टँडमागचा दुरुस्तीवाला येतो, डोकं उलटं करून आत बघतो आणि दर वेळी तेच म्हणतो, “आज्जी, हिला काय झालेलं नाही. तेल घालत जावा.”

त्या यंत्रावर आमची झबली, परकर, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे झाले. शेजारणींचे ब्लाऊज झाले आणि त्यातून आईचा हातखर्च निघाला. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू लागतं. त्या दिवशी शिवायचं नाही. बाकी वर्षभर सुट्टी नाही.

कुकरची गोष्टही याच जातीची. त्याच्या आधी इकमिक कुकर होता. बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी तो १९१०च्या सुमारास काढला. खाली कोळसा, वर एकावर एक डबे, वाफेवर सगळं जेवण. एकट्यादुकट्या नोकरदारांचा तो मोठाच आधार होता. कोळसा घरातून गेला तसा तोही गेला. १९५९मध्ये मुंबईत हॉकिन्स सुरू झालं, प्रेस्टिजचे कुकरही त्याच सुमाराला देशात बनू लागले. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं, कुकरमध्ये दाबाने ते एकशेवीसच्या आसपास जातं. म्हणून तुरीची डाळ वेळेत मऊ होते आणि रॉकेल-गॅस वाचतो. ‘भात टाकला’ म्हणणाऱ्या बायका एका पिढीत ‘कुकर लावला’ म्हणू लागल्या.

आमचा कुकर १९७०च्या दशकातला आहे. त्याचे दांडे बदलले, शिट्टी बदलली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, रिंग तर किती वेळा बदलली त्याचा हिशेब नाही. मूळचं उरलंय ते भांडं आणि झाकण. रिंग कडक झाली की कडेने वाफ फुसफुसते, शिट्टी होतच नाही. मग संध्याकाळी भाजी आणायला जाताना रिंग आणायची, इतकं ते सोपं आहे. ते अवघड असतं तर कुकर केव्हाच मोडीत गेला असता. एक मात्र सांगून ठेवते. बूड फुगलं किंवा झाकण नीट बसेना झालं, तर आईची आठवण वगैरे बाजूला ठेवून कुकर मोडीतच घालावा. दाबाच्या भांड्याशी भावनेचा व्यवहार करू नये.

तसं पाहिलं तर ‘जुनं ते सोनं’ हे मला पटतच नाही. जुनं सगळं आपल्यासमोर नाही. टिकलं तेवढंच दिसतं. पंपाचा स्टोव्ह आठवतो का? बर्नर तुंबायचा, पिन मारावी लागायची, आणि एखादे दिवशी भडका उडायचा. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही बातमी आम्ही लहानपणी वर्तमानपत्रात इतकी वाचली की ती वाचताना कुणी थांबेनासं झालं होतं. त्यातले किती भडके खरंच स्टोव्हचे होते, देव जाणे. ती वस्तू गेली ते उत्तम झालं. पाटा-वरवंट्यासाठी गळा काढणाऱ्यांनीही घरच्या बाईचे खांदे आठवावेत. टाकी लावणाऱ्या बायका गल्लीत यायच्या थांबल्या, त्याच्या आधीच आमचा पाटा दाराला टेकण म्हणून लागला होता.

पाटा खाली गेला तो मिक्सरमुळे. परदेशी ब्लेंडर आपल्या ओल्या खोबऱ्याला आणि भिजल्या डाळीला घाबरायचे. मोटर तापून जळायची. सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरी असंच झालं आणि त्यातून १९६०च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’ जन्माला आला. पुढे त्याची सद्दी संपली, तरी काही घरांत तो अजून घरघरतो. त्याचं कारणही तेच. कपलर आणि पाती पेठेत कुणीतरी बनवत राहिलं.

विळी राहिली ती खवणीच्या जिवावर. ओटा आला, बसून होणारा स्वयंपाक उभा झाला आणि चिरायचं काम सुरीकडे गेलं. पण नारळ खवायला उभ्याने तितकी सोय होत नाही. खलबत्ता चहाच्या आल्यापुरता उरला. गोदरेजचं कपाट मात्र वेगळ्याच पंथातलं. कुलपांची कंपनी १८९७ची, कपाटं १९२३पासूनची. त्याला सुटा भाग लागतच नाही म्हटलं तरी चालेल. बिजागरीला खोबरेल तेल आणि किल्ली न हरवणारं माणूस, एवढं पुरतं.

आताच्या वस्तू काय वाईट बनतात, असं मी म्हणणार नाही. नवा मिक्सर जास्त ताकदीचा आहे, नव्या कुकरवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे. रडगाणं वेगळं आहे. दोन वर्षांनी झाकणाचा एक प्लास्टिकचा खटका तुटतो आणि ‘ते मॉडेल बंद झालं’ असं उत्तर येतं. पाचपन्नास रुपयांच्या खटक्यापायी चार हजारांची वस्तू भंगारात. २०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. त्यावर कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यावी असा बेत आहे. चांगलंच आहे. पण माझा भरवसा अजून पेठेतल्या दुकानदारावर जास्त आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला मिक्सर घ्यायला जाल, तेव्हा वॉट आणि वॉरंटी विचारण्याआधी भांड्याचं पातं आणि कपलर सुटं दाखवायला सांगा. ते दुकानात नसेल तर दुसरं दुकान बघा.