गाडीची लाईन

"गाडीचं मागाहून बघू. आधी इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुठून घेतलाय ते दाखवा वहिनी," पडवीत चप्पल काढता काढता वायरमनदादा म्हणाले. ताईचा उत्साह तिथेच निम्मा झाला. तिला वाटलं होतं, गाडीला वायर लावायची, दुसरं टोक घरात आणायचं, की झालं.

दापोलीच्या खाली, समुद्राकाठी तिचं घर आणि नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावरून गेलं, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. वादळाचं सोडा, जुलैत एखादी फांदी तारेवर पडली तरी रात्र अंधारात काढायची सवय सगळ्यांना आहे. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेताना तिने मायलेजच्या आधी विचारलं ते हे, की हिच्यातून वीज बाहेर काढता येते का.

येते. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीच्या काही मॉडेलांत २०२३ च्या सप्टेंबरपासून ही सोय आहे. चार्जिंगच्याच तोंडात एक वेगळी गन बसवायची. तिच्या दुसऱ्या टोकाला आपला नेहमीचा सॉकेट. गाडीच्या बॅटरीतल्या डीसीची आतल्या आत एसी होते आणि घरच्यासारखी २३० व्होल्टची वीज मिळते. ताईच्या गाडीची बॅटरी ४०.५ युनिटांची. घरोघरी कपाटाखाली असते ती १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटांची, म्हणजे तसल्या बावीस बॅटऱ्या अंगणात उभ्या. मात्र एका वेळी बाहेर येणार जास्तीत जास्त ३.३ केव्हीए. टाकी मोठी, नळ बारीक.

जपानात हे बरंच आधी सुरू झालं. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर विजेचे हाल झाले आणि २०१२ मध्ये निसानने लीफ गाडीतून घराला वीज देणारी यंत्रणा विकायला काढली. तिथे भिंतीवर एक पेटी बसते. गाडी, घर आणि बाहेरची लाईन यांची भेट त्या पेटीतच होते, त्यामुळे घरमालकाला न्यूट्रलशी देणंघेणं नसतं. आपल्याकडे गाडीबरोबर मिळतं ते फार तर एक दणकट एक्स्टेन्शन बोर्ड. पेटीचं काम वायरमनच्या डोक्याने करायचं.

वायरमनदादांनी मेन बोर्ड उघडला आणि त्यांना हवं ते, किंवा नको ते, सापडलं. इन्व्हर्टरकडून घरात फक्त फेज गेला होता. न्यूट्रल सगळ्या घराचा कॉमन. बहुतेक घरांत असंच असतं, कारण एक वायर वाचते आणि रोजच्या वापरात काही बिघडत नाही. भावोजींची आयडिया साधी होती : इन्व्हर्टरची पिन भिंतीतून काढून गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायची, म्हणजे इन्व्हर्टरला वाटेल लाईट आली. दादांनी वाद घातला नाही, करूनच दाखवलं. मेन बंद केला, पिन गाडीला लावली. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला, बोर्डात टेस्टरही मिणमिणला, पंखा मात्र ढिम्म. फेज गाडीतून आला, पण परतीची वाट भिंतीतल्या न्यूट्रलकडे. आणि त्या न्यूट्रलचा गाडीशी काही संबंधच नाही. सर्किट पुरं होणार कसं?

"मग दोन्ही न्यूट्रल जोडून टाका," भावोजी म्हणाले.

"आणि ते खांबावर जातील, त्याचं काय?" दादांनी पक्कड खाली ठेवली. घरातली वीज उलटी बाहेर गेली की डीपीवरचा ट्रान्सफॉर्मरही उलटा चालतो, २३० चे ११ हजार व्होल्ट करतो, आणि लाईन बंद आहे असं समजून कुणीतरी खांबावर चढलेला असतो. जनरेटरवाल्या घरांत दोन्हीकडे पिन असलेली वायर करून ती सरळ भिंतीत खुपसतात, ती दादांनी डोळ्यांनी पाहिली आहे. "ती वायर जो करतो ना, त्याला खांबावर चढवला पाहिजे."

फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर बसवणं हा एक रस्ता होता. तो त्यांनी सोडला. गाडीच्या न्यूट्रलचा घराच्या अर्थिंगशी संबंध कुठे आणि कसा ठेवायचा, हे कंपनीने सांगितल्याशिवाय अंदाजाने केलं तर शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी नुसता शोभेला उरतो. त्यांनी त्याऐवजी एक स्वतंत्रच लाईन ओढली : गाडीच्या शेडपासून स्वयंपाकघर आणि माजघरापर्यंत, स्वतःचा फेज, स्वतःचा न्यूट्रल, स्वतःची अर्थ, घराच्या वायरिंगला कुठेही न शिवणारी. तीन सॉकेट, त्यांना लाल प्लेटा. लाईट गेली की फ्रिजची पिन हाताने लाल सॉकेटमध्ये लावायची. एका सॉकेटवर इन्व्हर्टरची पिन, आणि इन्व्हर्टरच्या लोडचा न्यूट्रल सोडवून वेगळा केलेला. दुपारचा बराच वेळ त्या सोडवण्यातच गेला. शेडमधून वायर भिंतीत शिरते तिथे त्यांनी तिला मुद्दाम खाली झोळ दिला, पागोळीचं पाणी तिथूनच गळून जावं म्हणून. गाडीकडचा सॉकेट जमिनीवर न ठेवता हुकाला टांगला. मला विचाराल तर ॲपवरून चालणाऱ्या कुठल्याही पेटीपेक्षा मला ही व्यवस्था पटली. बिघडली तर गावातला माणूस दुरुस्त करू शकतो.

मग चाचणी. फ्रिज, पंखे, दिवे, राउटर, ताईचा ७५० वॅटचा मिक्सर, सगळं एकदम चाललं. इंडक्शन एकटी चालली. विहिरीवरच्या दीड एचपीच्या पंपाने मात्र घात केला. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गाडीने तो क्षणही सोसला नाही, पुरवठाच तोडला आणि फ्रिजसकट सगळं बंद. तेव्हा पंप बाद. पावसाचा अंदाज आला की लाईट असतानाच टाकी भरून ठेवायची.

दुसरी गोष्ट रात्रीतून कळली. फ्रिज, चार पंखे आणि थोडे दिवे यांना दिवसाला तीन-चार युनिटं लागतात, पण टक्के त्या हिशेबापेक्षा भराभर उतरत होते. वीज देत असताना गाडी स्वतः जागी असते : तिचे कॉम्प्युटर, कूलिंग, रूपांतरातली तूट. हा खर्च दीडशे वॅट धरला तरी दिवसाचे साडेतीन युनिट होतात, म्हणजे घराएवढंच गाडी स्वतः खाते. म्हणून आता पद्धत अशी की गाडी संध्याकाळी काही तास चालवायची, तेवढ्यात फ्रिज गार आणि इन्व्हर्टर भरलेला. मग गाडी झोपवायची आणि रात्र इन्व्हर्टरवर. भावोजी भंगारात काढायला निघाले होते तो इन्व्हर्टर वाचला तो असा.

छपरावर सोलर घ्यायचा विचार चालू आहे. त्यावर दादांनी आधीच बजावून ठेवलंय, की ऑन-ग्रिड सोलर लाईट गेल्यावर स्वतःही बंद पडतं, आणि त्याला फसवायला गाडीची लाईन जोडायची नाही. उरलेली वीज कुठे घुसेल ते सांगता येत नाही.

बॅटरीचे चाळीस टक्के ताई हात लावू देत नाही. घरात म्हातारी सासू आहे, दवाखान्याला पळायची वेळ कधीही येते. उरलेली चोवीस युनिटं जपून वापरली तर चार-पाच दिवस निघतात. त्यापुढे गाडीचा खरा फायदा आहे, की ती जाऊन वीज भरून आणू शकते. खेड चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन बारा युनिटं रस्त्यातच जळणार, तरी हिशेब जमतो, फक्त झाडं पडून रस्ता बंद नको आणि खेडला लाईट हवी. भावोजींनी तिथल्या चार्जिंगवाल्याचा नंबर मीटरच्या पेटीवर पेनाने लिहून ठेवलाय.