कारखाना वाढला, पण नफा?

शेअर म्हणजे कंपनीतला वाटा. कारखाना वाढला, की आपला वाटाही फुगणार, असे पुष्कळांना वाटते. पण नीट बघा.

अमेरिकेत ए१२३ सिस्टिम्स नावाची बॅटरीची कंपनी होती. २००९ साली तिचा साडेतेरा डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी विसाच्या वर गेला. २०१० साली मिशिगन राज्यात तिचा मोठा कारखाना सुरू झाला. पण विजेच्या मोटारी अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत. २०१२ साली काही बॅटऱ्या सदोष निघाल्या, त्या बदलून द्याव्या लागल्या. त्याच ऑक्टोबरात दिवाळे निघाले.

दिवाळ्यात आधी सावकारांची देणी भागवतात. उरले तरच शेअरवाल्यांना. म्हणून घामाचा पैसा घालण्याआधी विचारा : माल निघाला किती, त्यातला चांगला किती, खपला किती, आणि कर्ज किती?