झडप दिसू लागली, पुढे काय?

परळचं केईएम रुग्णालय १९२६ सालचं. त्याच्या शताब्दीत डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ साली केलेल्या हृदयरोपणाची आठवण निघणारच. तो रुग्ण काही तासच जगला. पण पन्नासच्या दशकात याच रुग्णालयात आवळलेली मायट्रल झडप बोटाने मोकळी करून किती तरी जणांना श्वास मिळाला, ते काम मागे पडलं. पुढची दोन-तीन दशकं भराभर ओलांडता येतील. खरा पालट झाला तो नव्वदच्या दशकात, रंगीत डॉप्लरसह टू-डी एको मुंबईत रुळला तेव्हा. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं असतं. संधिवाताच्या तापाने तिची दोन्ही पाळी कडांना चिकटतात आणि ते दीडच्या आत येतं. पाळी किती हलतात, किती जाड झालीत, त्यांत चुना किती साठलाय, खालच्या दोऱ्या किती आखडल्यात, हे एकोवर पाहून गुण द्यायचे. ते आठपर्यंत असले तर जांघेतून फुगा नेऊन झडप उघडायची. छाती न उघडता! घाटकोपर-मुलुंडहून धापा टाकत परळ गाठणाऱ्या तरुण बायकांसाठी हे वरदान होतं. यातल्या कित्येकींचा आजार गरोदरपणात रक्त वाढल्यावरच उघडा पडे.

आज एको अंधेरी-बोरिवलीत नाक्यानाक्यावर आहे, तपासणीच्या पॅकेजात आहे. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवरच्या पालिका शाळेत मात्र नाही, आणि माझी तक्रार हीच आहे. हा आजार आता सरला, असं म्हणतात. दाटीवाटीतून सुटून चांगली घरं मिळालेल्यांपुरतं ते खरं आहे; बाकीच्यांत तो लपून राहतो. कंबोडिया आणि मोझांबिकच्या शाळांत हा आजार असलेली जितकी मुलं स्टेथोस्कोपने सापडली, त्याच्या सुमारे दसपट एकोने सापडली. हे २००७ साली छापून आलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लक्षणं नसलेल्या मुलाला रोगी ठरवून काय साधणार? त्याचं उत्तर २०२२ साली युगांडातून आलं. दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्या मुलांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्क्यांचाच आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्क्यांचा. राहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा, कारण एकोचं यंत्रही सोनोग्राफीचंच. तो हवाच, आणि त्याने सोनोग्राफीची हलती यंत्रं नोंदणीच्या जागेशी बांधली, हे खरं. पण नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाला त्यात अटींसह मुभा आहे. असं पथक उपनगरातल्या शाळांकडे पाठवणं पालिकेच्या हातात आहे.