पाठीचें पोक आणि छातींतला श्वास

‘नीट बैस, पोक काढूं नकोस,’ हा उपदेश दिवसांतून दोन-चार वेळां तरी ऐकूं येत नाहीं, असें घर विरळाच. वडील मंडळींच्या या सांगण्यांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कांहीं मुलांच्या बाबतींत पोक ही आळसाची नव्हे, तर श्वासाच्या कष्टांची खूण असते. अशा मुलास रागें भरणें म्हणजे दमलेल्या हमालास त्याच्या वांकण्याबद्दल बोल लावण्यासारखें आहे. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या जन्मजात रोगानें पीडलेलीं मुलें हीं त्यांपैकींच होत.

या विकाराचें स्वतंत्र रोग म्हणून सविस्तर वर्णन न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीनें १९३८ सालीं केलें. त्याच्या मुळाशीं असलेलें सदोष जनुक १९८९ सालीं सांपडलें. या दोषामुळें पेशींतून क्षार आणि पाणी यांची ने-आण नीट होत नाहीं; घाम फार खारट होतो, अन्नांतील स्निग्धांश पचत नाहीं, आणि फुप्फुसांतील कफ डिंकासारखा चिकटून बसतो. यूरोपीय वंशाच्या लोकांत हा रोग अधिक. आपल्या देशांत तो नाहींच, अशी फार दिवस समजूत होती. तो येथेंहि आहे हें आतां ठाऊक झालें आहे. पण क्षय किंवा दमा समजून भलतेच उपचार चालतात आणि मोलाचीं वर्षें हातचीं जातात.

छातीचें काय होतें, हें लोहाराच्या भात्यावरून समजेल. भाता मिटला तरच पुन्हां उघडून वारा ओढूं शकतो. या मुलांच्या बारीक श्वासनलिका कफानें अडल्यामुळें आंत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाहीं. छाती सदा फुगलेली, बरगड्या आडव्या झालेल्या, आणि छाती व पोट यांमधील घुमटाकार स्नायूचा पडदा सपाट, असा हा उघडाच राहिलेला भाता होतो. मग पुढचा श्वास ओढण्यासाठीं मानेचे व खांद्यांचे स्नायु बरगड्या वर उचलूं लागतात. सतत राबून ते आंखडतात. खांदे पुढें येतात, पाठ वांकते. खोकल्याची प्रत्येक उबळ तिला आणखी वांकविते. शिवाय स्निग्धांशाबरोबर ‘ड’ जीवनसत्त्वहि अंगीं लागत नाहीं, म्हणून हाडें कमजोर राहतात. अशा रीतीनें श्वासानें पाठ वांकते, आणि वांकलेल्या पाठीमुळें बरगड्यांची हालचाल अधिकच खुंटते.

ही हालचाल मोजण्यास शिंप्याची फीत पुरते. पूर्ण उच्छ्वास आणि पूर्ण श्वास या वेळच्या छातीच्या घेरांतील अंतर निरोगी तरुणांत बहुधा ५ सेंटिमीटर किंवा अधिक भरतें. फुप्फुसांची शक्ति मोजण्याचें यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन यांनीं १८४६ सालीं लोकांपुढें मांडलें. आजच्या यंत्रांत जोरानें फुंकून पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर पडते, तें विशेषेंकरून पाहतात. पाठीचा बांक क्ष-किरणांच्या चित्रावरून मोजतात. २० ते ४० अंश हा सामान्यतः नैसर्गिक समजला जातो. फुप्फुसें फार बिघडलेल्यांत पोक अधिक आढळतें खरें. तथापि एका मापावरून दुसरें सांगतां येत नाहीं. रोग सौम्य असतां पाठ सरळहि असते. म्हणून ताठ पाठ पाहून निश्चिंत राहूं नये.

पाठ सरळ केल्यानें हा रोग बरा होतो काय? होत नाहीं. त्यानें फुप्फुसांची शक्ति वाढतेच, असेंहि सिद्ध झालेलें नाहीं. रोज कफ बाहेर काढणें, पौष्टिक अन्न आणि औषधें हाच मुख्य उपाय होय. अमेरिकेंत २०१९ सालीं मान्यता मिळालेल्या तीन द्रव्यांच्या संयुक्त औषधानें अनेकांचें आयुष्य पालटलें. परंतु त्याची किंमत सामान्य घरास पेलणारी नाहीं. छाती लवचिक ठेवणें हें मात्र घरच्या घरीं साधण्यासारखें आहे. बरगड्या ताठरण्यापूर्वींच धांवणें, पोहणें, उड्या मारणें यांची संवय लागावी. सूर्यनमस्कारांत छाती आळीपाळीनें उघडते व मिटते. वैद्यांच्या संमतीनें तेहि घालावे. तान्ह्या मुलांचें डोकें खालीं करून कफ काढण्याची जुनी रीत आतां टाळतात, कारण पोटांतील अन्न घशाशीं येतें.

गृहिणींस आमचें सांगणें एवढेंच कीं, मूल भरपूर जेवून वाळत असेल, शौच तेलकट व दुर्गंधी होत असेल, खोकला हटत नसेल आणि मुका घेतांना कपाळ खारट लागत असेल, तर घामांतील क्षाराची परीक्षा करून घ्यावी. निदान झालेंच, तर सुनेच्या माहेरास बोल लावूं नये. सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनहि यावें लागतें. दोघेहि स्वतः निरोगी असतात, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. एकत्र कुटुंबांत काका, आत्या, आजोबा असे अनेक हात असतात. रोजच्या कफ काढण्याच्या कामांत ते लागले, तर एकट्या आईवर पडणारा भार हलका होईल, आणि मुलासहि आपण घरावर ओझें आहोंत असें वाटणार नाहीं.